जिनिंगमधलं माहेर

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी औषधाच्या दुकानदाराने फवारण्या लिहून ठेवायला दिली. अकरा दिवसांत मी दोनच ओळी लिहिल्या. वांग्यावर शेंडेअळी दिसली आणि मोटारीचा फ्यूज उडाला. आज लिहिण्यासारखं झालं, पण ते वांग्याचं नाही.

सकाळी गोपाल टेम्पोवाला ओट्यावर येऊन बसला. खामगावात ती बंद पडलेली कापसाची जुनी जिनिंग आहे, तिथं मुंबईची कंपनी उतरली आहे. मोबाइलवर लोक बघतात तसली सिरीज काढणार. गोष्ट मुंबईच्या झोपडपट्टीतली, पण खऱ्या झोपडपट्टीत शूटिंग जमत नाही म्हणून झोपडपट्टीच खामगावात बांधली. गल्लीत हिंडायला माणसं हवीत, ती आमच्या पिंपळगाव राजातून न्यायचं काम गोपालला मिळालं.

"मुंबईत गर्दी कमी पडली काय बे?" मी म्हणालो. "आता आपली उसनी नेऊन राह्यले."

"काका, बाया जास्त पाह्यजेत. महिनाभराचं काम हाये."

मी हसून विषय सोडून दिला असता. तेवढ्यात जयमाला पिठाच्या हातानं बाहेर आली. "गोपालभाऊ, माह्यं नाव लिहा."

एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोनं स्वतःहून कशात नाव घातलेलं मला आठवत नाही. बचतगटातसुद्धा शेजारच्या रुख्मिणीवहिनीनं तिचं नाव टाकलं. जयमालाचा जन्म मुंबईचा. सासरे जळगाव जामोदकडचे, पोटासाठी बंदरावर हमालीला गेले आणि पत्रागल्ली नावाच्या वस्तीत राहिले. मुलगी मात्र आपल्या मुलखात द्यायची म्हणून माझ्या गळ्यात बांधली.

तिला टीव्हीवरच्या झोपडपट्टीच्या सिनेमांची भारी हौस. गँगवाले, चाकू, शिव्या, पोलीस. बाकी बाया सासू-सुनांच्या मालिका बघतात आणि ही मारामारी बघते, म्हणून मी तिला "दादा" म्हणून चिडवतो. गंमत म्हणजे हिरो मरत असतो तेव्हा हिचं लक्ष नसतं. एकदा मोबाइलवर बघताना म्हणाली, "थांबा, मांगं घ्या जरा. थो जिना पाहू द्या." जिन्यावर कोणीच नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत झाली आणि आज बाया कामावर गेल्या. शूटिंग म्हणून सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून, गजरे माळून टेम्पोत चढल्या. झोपडपट्टीत हिंडायचं आहे हे गोपालनं सांगितलंच नव्हतं. तिथं कंपनीच्या लोकांनी कपाळाला हात लावला आणि मग चहाचं पाणी अन् कोळशाची पूड आणून साड्यांवर फासायला लागले. रुख्मिणीवहिनी तर रडायच्या बेतात आल्या.

हे मला गोपालनं सांगितलं. पुढचंही त्यानंच सांगितलं. जयमाला रोजच्याच सुती साडीत गेली होती. कंपनीची कपडे बघणारी पोरगी तिला काळं लावायला आली तेव्हा हिनं तिचा हात धरला.

"मळकं कायले करतं बाई? आमच्या गल्लीत पाणी अर्धा तास येये. त्या अर्ध्या तासात पयले कपडे धुवत होतो. मळक्या लुगड्यानं कोनी बाहीर पडत नोतं."

मोठमोठे लोक बघत राहिले म्हणे. सेट उभारणारा सागर म्हणून एक दाढीवाला आहे, तो पुढं आला आणि हिला खुर्ची दिली. माझ्या बायकोला खुर्ची.

घरी आल्यावर मी विचारलं, कसं होतं. "बरं होतं," एवढंच म्हणाली. भाजीत मीठ नव्हतं. मी वरून घेतलं.

१९ जानेवारी, रविवार

आज मीही गेलो. मळ्यात विजेची लाईन रात्रपाळीची, त्यामुळे दिवस मोकळा होता असं कारण मी काढलं. खरं म्हणजे चार दिवस दुपारचं एकट्यानं जेवून कंटाळलो होतो.

जिनिंगच्या फाटकातून आत गेलो आणि पाय थबकला. कापसाच्या गंजी लागायच्या त्या जागेत गल्ली उभी आहे. अंगाला अंग लागलेल्या खोल्या, वर पत्रे, पत्र्यांवर टायर आणि विटा, निळं प्लास्टिक, दारात पिंपं. हे पत्रे आमच्याच भागातले. कंपनी गावोगाव फिरून जुना पत्रा घेते आणि नवा देते. जुन्याला एवढा भाव आहे हे आधी कळलं असतं तर मीही रांगेत उभा राहिलो असतो.

जयमाला सागरबरोबर फिरत होती. ती पुढे, तो मागे, हातात वही.

"हा नळ भिंतीले कायले लावला? भिंतीचा नळ म्हणजे घरचा नळ. आमचा गल्लीच्या तोंडाशी होता, जमिनीत खड्डा करून. पाण्याले जोर नोता, म्हणून खाली उतरून भरा लागे."

"काकू, मी दहा सिनेमे बघून डिझाइन केलं होतं," सागर म्हणाला.

"मी शंभर पाह्यले. एकातबी खड्डा नाई."

तो हसला. ती पण हसली, तोंडावर पदर न घेता. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती, तेव्हा हसत असेल. मी त्या वेळी बघितलं नाही बहुतेक.

२३ जानेवारी, गुरुवार

वांग्याला फवारणी केली. मेथी काढायला झाली, पण काढायला घरात कोण आहे? एकट्यानं दोन वाफे काढले. जयमाला सहा वाजता येते, भाकरी टाकते आणि सागरनं काय विचारलं ते सांगते. संडासाच्या रांगेत डबा ठेवून नंबर कसा लावायचा, दहीहंडीला दोर कुठून कुठं बांधायचे, कोणाच्या घरी फोन होता. एवढी वर्षं हे सगळं तिच्याजवळ होतं आणि मी एकदाही विचारलं नाही.

ती घरी नसली की करमत नाही. हे तिला सांगायची सोय नाही, छपन्नाव्या वर्षी ती मलाच चिडवेल.

२८ जानेवारी, मंगळवार

आज भांडण झालं. चूक माझी होती, पण त्या वेळी मला तसं वाटलं नाही.

सकाळी ती निघाली तेव्हा मी म्हणालो, "आता पुरे. मेथी फुलावर आली. लोक इचारून राह्यले, बायको नटी झाली काय म्हणून."

"कोन इचारून राह्यलं?"

कोणीच विचारत नव्हतं.

मग ती शांतपणे बोलू लागली. "आखाजीच्या सनाले गावातल्या साऱ्या पोरी माहेरी येतात. मी दर साली ओट्यावर बसून त्याइले पाह्यतो. मले न्याले कोनी येत नाई, अन जायाले जागाबी नाई. बाबा गेले, गल्ली गेली. पाडली तवा बाबानं मले सांगतलंसुद्धा नाई. आता पंधरा दिवस एक खोटी गल्ली भेटली हाये, तर तुमाले मेथी आठवली?"

आणि गेली. मी दारात उभा राहिलो.

तिला कळलं नाही हे खरं आहे. पण बाबांनी कळवलं नाही हे खरं नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी पत्रागल्ली पाडली. पाडायच्या चार दिवस आधी सासऱ्यांनी गावातल्या फोनबूथवर फोन करून मला फोनवर बोलावून घेतलं होतं. जयमालाला दोन दिवसांसाठी पाठवा म्हणाले. मी तिला सांगितलं नाही. तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती, मुलगा राजकुमार दोन वर्षांचा, त्याला ताप होता, आणि पडकी घरं बघून बाई माणसाला नुसता त्रास. असं होतं ते.

१ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या वेळी लिहिलेलं वाचलं. ताप राजकुमारला त्या आधीच्या आठवड्यात होता. फोन आला तेव्हा तो अंगणात कोंबड्यांमागे पळत होता. आणि वेचणीला पंधरा मजूर होते.

लिहायचंच तर नीट लिहावं. त्याच्या आदल्या दिवाळीला जयमाला माहेरी गेली ती दोन महिने राहिली. मी घ्यायला गेलो. निघताना ती बापाच्या गळ्यात पडली, मग शेजारच्या पंचफुलाच्या, मग गल्लीतल्या एकेका बाईच्या. गाडीत नांदुऱ्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मला वाटलं होतं की आपल्या विहिरीचं पाणी, स्वतःचं घर, चार एकर, हिला काय कमी आहे? त्या दहा बाय दहाच्या खोलीपुढे माझं सगळं कमी पडतं हे मला त्या गाडीत कळलं. पुन्हा गेली तर येणार नाही अशी भीती मनात बसली. मग खोलीच पाडणार असं कानावर आलं आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला.

सासऱ्यांना मी "हो मामाजी, पाठवतो" म्हणालो होतो. पाडायच्या दिवसापर्यंत, मंगळवारपर्यंत, त्यांनी वाट पाहिली असणार.

पुढच्या वर्षी राजकुमारच्या जावळाला ते आले. कडेला बसले, पंगतीत दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या प्रहरीच निघाले. जयमाला म्हणाली, थांबा. तर म्हणाले, "तू ये आता, तुह्या सवडीनं." ती घरात येऊन रडली. त्या दिवशी माझ्या काकांकडून सासऱ्यांना टोपी-दुपट्टा द्यायचा राहून गेला होता. सगळ्या व्याह्यांना मिळाला आणि नेमका मुलीच्या बापाला नाही. त्या रागानं बाबा तुटले अशी तिची समजूत झाली. काकांशी ती दहा वर्षं बोलली नाही. काका वारले तेव्हाही म्हणाली, "त्या दुपट्ट्यापायी माहा बाप गेला." मी ऐकून घेतलं. काकांचा बळी देऊन मी सुटलो होतो.

सासरे दोन वर्षांनी कुठल्याशा लांबच्या भाड्याच्या खोलीत वारले. बाप म्हणे हिनं पाठ फिरवली, आणि ही म्हणे बापानं कळवलं नाही. मधला माणूस मी.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज जयमाला मला मुद्दाम घेऊन गेली. सागरनं गल्लीतली शेवटची खोली तिच्या सांगण्यावरून सजवली आहे. तिथं म्हणे सिरीजमधली म्हातारी राहते.

आत गेलो. डाव्या हाताला मोरी, तिला कमरेएवढी भिंत. समोर फळीवर डबे, उतरंडीसारखे नाही, आडवे. कोपऱ्यात गुंडाळलेली वळकटी. वर माळा, माळ्याला लाकडी शिडी. सासऱ्यांच्या अशाच खोलीत मी तीनदा गेलो होतो. पाहायला, पहिल्या दिवाळीला आणि घ्यायला. मला काहीच आठवत नव्हतं, पण आत पाऊल टाकल्याबरोबर मी डोकं वाकवलं. त्या खऱ्या खोलीत तुळई खाली होती, पहिल्या वेळी कपाळाला लागली होती.

"बसा, जावईबापू," ती म्हणाली.

मी वळकटीवर बसलो. तिनं कंपनीच्या थर्मासातला चहा बशीत ओतून दिला. मग खोली दाखवली. "इथीसा बाबा झोपत. इथी आई गेली. या फळीवर मी दहावीचा अभ्यास केला, शिडीवर बसून. बाबाले रातपाळी राह्ये तर दिवसभर आमी कुजबुज बोलत होतो, गल्लीतलेबी."

"सारी गल्ली?"

"हो. नळावरच्या बाया एकमेकीले सांगत, हमालदादा झोपले. हे थ्या सिनेमात नाई दाखवत. थ्या सिनेमात नुसते खून."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ती इतकी खुशीत होती, बशी पुसत होती, ती खरंच तिच्या बापाची बशी असल्यासारखी. खाई त्याला खवखवे म्हणतात. म्हणालो, शुक्रवारी येतो पुन्हा. शुक्रवारी शेवटचं शूटिंग आहे, त्यात ही सगळी गल्ली बुलडोझरनं पाडणार आहेत.

"पाडताना मी उभी राहणार," ती म्हणाली. "तवा नोती. आता तरी राह्यतो."

९ फेब्रुवारी, रविवार

कॅमेरा बिघडला म्हणून शुक्रवारचं पुढं गेलं होतं. नवी तारीख पुढच्या गुरुवारची ठरली.

आज दुपारी बारा वाजता सागरचा फोन माझ्या मोबाइलवर आला. जयमालाचा फोन बंद पडलाय, म्हणून तिनं माझा नंबर दिला होता. ती मळ्यात होती.

"काका, बुलडोझर उद्याच मिळतोय. सकाळी आठला पाडतोय. गर्दी खामगावातलीच घेतली, गोपालदादांना सांगितलं नाही. काकूंसाठी सात वाजता गाडी पाठवू का? त्या नाही आल्या तरी दुसरी बाई उभी करू, पण खोली त्यांची आहे म्हणून विचारलं."

"सांगतो," मी म्हणालो. "अर्ध्या घंट्यात फोन करतो."

फोन ठेवला आणि खाटेवर बसलो. मनात काय काय आलं ते लिहितो. तिला त्रास होईल. आजारी पडेल. गुरुवारी गेल्यावर कळेल की झालं, दोन दिवस रुसेल, मग घरी राहील. मेथी, वांगी, मी, सगळं पूर्वीसारखं होईल. अर्धा तास झाला, तास झाला. सागरचा पुन्हा फोन आला, तो मी उचलला नाही.

मग एकदम लक्षात आलं की हा सगळा विचार मी आधी एकदा करून बसलेलो आहे. शब्दसुद्धा तेच होते, बाई माणसाला नुसता त्रास. तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. आता कसली सबब?

सागरला फोन करून गाडी पाठवा म्हणालो. जयमाला पाचला आली, हातपाय धुतले, भाकरी केल्या. जेवायला बसलो तेव्हा तिला उद्याचं सांगितलं.

"सकाळी आठले? मंग मले लौकर उठा लागते."

"अजून एक हाये," मी म्हणालो. आणि ते पण सांगितलं. फोनबूथचं, मंगळवारचं, दुपट्ट्याचं. खाली बघून सांगितलं. ताप होता असं म्हणालो नाही.

तिनं हातातली भाकर ताटात ठेवली. "बाबा सोता बोलले? तुमच्यासंग?"

"हो."

"अन तुमी काय म्हणले?"

"पाठवतो म्हणलो."

तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग म्हणाली, "तरीच."

एवढंच म्हणाली. ताट उचललं, उरलेल्या भाकरी टोपलीत झाकल्या आणि हात धुतले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडी सातला आली. मीही बसलो. या म्हणाली नाही, येऊ नका म्हणाली नाही.

एकदाच होणार होतं, पुन्हा बांधून पुन्हा पाडायचं नव्हतं, म्हणून चार कॅमेरे लावले होते. तिला सांगितलं होतं की बुलडोझर जवळ आला की दारात बसायचं आणि आक्रोश करायचा, मग दोन पोलीस ओढून बाजूला नेतील. मी दोराच्या अलीकडं खामगावच्या लोकांत उभा होतो.

बुलडोझर सुरू झाला. पलीकडच्या खोल्या पडू लागल्या, धूळ उठली. जयमाला दारात बसली नाही. आत गेली. तिनं कोपऱ्यातली केरसुणी घेतली आणि खोली झाडायला लागली. आधी माळ्याखालचं, मग मोरीकडचं, वळकटी उचलून तिच्या खालचं. पोलीस झालेली पोरं गोंधळून सागरकडं बघायला लागली. सागरनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. फक्त कॅमेरे चालू होते. ती केर सुपलीत भरून बाहेर आली आणि टाकायला जागा शोधत इकडं तिकडं बघू लागली. तेवढ्यात भिंत पडली. हातात सुपली धरून ती उभी राहिली.

बाजूची बाई रडायला लागली. दिग्दर्शक येऊन जयमालाच्या पाया पडला. असा सीन मी जन्मात लिहू शकलो नसतो, म्हणाला.

घटकाभरात पाडायची खोली झाडून काय उपयोग, हे मला कळलं नाही. विचारायची सोय राहिलेली नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलते. चहा घ्या, लाईन आली, राजकुमारचा पुण्याहून फोन आला होता. याच्या पलीकडे नाही. काल मेथीची जुडी बांधताना मी म्हणालो, "तुह्यावर अन्याय झाला." तर म्हणाली, "माह्यावर तर झालाच. बाबा मात्र मरेपर्यंत पोरीची वाट पाहून गेले."

टीव्हीवर तसलाच एक सिनेमा लागला होता, वस्तीतल्या गँगचा. मी मुद्दाम लावून ठेवला. ती आली, पाहिलं आणि बंद केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जयमाला मुंबईला गेली.

काल पिशवी भरताना दिसली. पंचफुलाचा नंबर तिच्या वहीत होता, रुख्मिणीवहिनीच्या फोनवरून बोलणं झालं म्हणे. पंचफुला अजून तिथंच राहते, गल्लीच्या जागी बांधलेल्या इमारतींपैकी मागच्या बाजूच्या एकीत. आजवर जयमाला एकटी खामगावच्या पुढं गेली नाही. आमच्यात बाईला माहेरी न्यायला कोणी तरी यावं लागतं आणि परत आणायला नवऱ्यानं जावं लागतं. तिला न्यायला कोणी उरलेलं नाही, म्हणून ती थांबली होती. आता थांबली नाही.

सकाळच्या एस्टीनं नांदुऱ्याला आणि तिथून गाडी. मी पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेलो.

"पैसे हायेत ना?"

"शूटिंगचे हायेत."

"मी येऊ काय घ्याले? कधी येऊ?"

"तुमी नका येऊ," ती म्हणाली. "यायचं असन तर माह्यी मी येईन."

'असन तर' हे शब्द मी घरी घेऊन आलो. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. मळ्यात गेलो आणि तसाच परत आलो. घरात तिचा धुण्याचा दगड, तिची वहाण, शेगडीवरचं झाकलेलं कालवण, सगळं जागच्या जागी आहे. मला ती हवी आहे. एकतीस वर्षांत हे वाक्य मी मनातसुद्धा म्हणालो नव्हतो, लागलंच नव्हतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

चार वाजता फोन आला. पंचफुलाच्या नंबरवरून.

"जेवले काय?"

"जेवलो. तू कोठी हायेस?"

"इथीसाच. गल्ली होती त्याच्या समोर. आता चाळीस मजल्याची बिल्डिंग हाये, काचेची. फाटकावरचा वॉचमन आत जाऊ देत नाई. कोनाकडं जायचं म्हणून इचारते. मी काय सांगू? समोरच्या बसस्टॉपवर बसलो आमी दोघी."

मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. मग ती म्हणाली, "बाबा काय म्हणले होते फोनवर? तुमी त्या दिवशी सांगतलं, पाठवा म्हणले. पुरं नाई सांगतलं. जसंच्या तसं सांगा. एकबी शब्द सोडू नका."

मला आठवायला लागलं नाही. सव्वीस वर्षांत एकही शब्द हललेला नव्हता. मी खाटेवरून उठून उभा राहिलो. बसून सांगवेना.

मी म्हणालो, "बाबा म्हणले, जावईबापू, मंगळवारी आपली गल्ली पाडतात. जयूले दोन दिवसासाठी पाठवून द्या. मी सामान बांधून ठेवलं हाये, पण निघत नाई. पोरगी इथं जन्मली, तिची आई इथं गेली. तिच्या हातानं दार लावू अन मंग निघू. तिले म्हणा, घाई नाई, मी दारातच बसलो हावो."

मग पंचफुला काही तरी विचारत होती ते ऐकू आलं, आणि जयमाला तिला थांब म्हणाली.

मग मला म्हणाली, "सांगा बाबाले. जयू आली म्हणा."

मी म्हणालो, "हो. सांगतो."